डेब्सच्या नावाची नभोवाणी

युजीन व्हिक्टर डेब्स हे अमेरिकेच्या समाजवादी पक्षाचे नेते. मूळचे रेल्वे कामगार. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी पाच वेळा लढविली. १९२० ची शेवटची निवडणूक तर अटलांटाच्या तुरुंगातून, आणि तरीही नऊ लाखांहून अधिक मते मिळाली. १९२६ च्या ऑक्टोबरात ते वारले, तेव्हा पक्षाने त्यांचा पुतळा उभारला नाही. वर्गणी गोळा करून १९२७ मध्ये न्यूयॉर्क शहरात नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचे नाव डब्ल्यूईव्हीडी. यांतील शेवटची तीन अक्षरे डेब्स यांच्या नावाची आद्याक्षरे होत.

सत्तेशी पहिली झटापट लगेचच झाली. नव्याने नेमलेल्या संघराज्य नभोवाणी आयोगाने १९२८ मध्ये शंभराहून अधिक केंद्रांना ‘तुमची लोकांना गरज काय, ते सिद्ध करा’ अशी नोटीस दिली. त्यांत डब्ल्यूईव्हीडीही होते. परवाना वाचला, पण इतरांच्या मतांचा आदर राखून वागावे, अशी ताकीद मिळाली. जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्रांना अशी ताकीद देण्याचे कारण आयोगास दिसले नाही. साबण विकणे हा लोकहित आणि संघटनेचा प्रचार हा एकांगीपणा, ही व्याख्या तेव्हापासून रूढ झाली.

गळा आवळला तो मात्र आयोगाने नव्हे, पैशाने. शक्तिमान प्रक्षेपक आणि चांगली लहर बड्या कंपन्यांकडे. पक्षाच्या केंद्राला दुर्बल प्रक्षेपक आणि इतरांशी वाटून घ्यावे लागणारे तास. मंदी आली तशी वर्गणीही आटली. १९३२ मध्ये ‘फॉरवर्ड’ या समाजवादी यिडिश दैनिकाच्या संस्थेने केंद्र हाती घेतले आणि ते तगले. त्यानंतरचा काळ खरोखर समृद्ध होता. यिडिश, इटालियन आणि अशा किती तरी भाषांतून येथे कार्यक्रम होत. शिलाईच्या कारखान्यात दिवस काढून आलेल्या स्थलांतरित स्त्रीला या शहरात आपल्या बोलीत बोलणारे एक यंत्र मिळाले. विद्वानांची व्याख्याने थेट कामगारांच्या घरात पोहोचविणारे ‘आकाशातील विद्यापीठ’ही येथेच भरले. ‘तुमची भाषा बोलणारे केंद्र’ हे त्याचे ब्रीद पोकळ नव्हते.

पुढे श्रोत्यांची मुले इंग्रजी बोलू लागली. यिडिश वाचक पिढीगणिक घटला. मात्र ज्या लहरीवर हे सारे चालले, तिची किंमत वर्षागणिक चढत गेली. यात केंद्राचे कर्तृत्व काहीच नाही. लहरी मोजक्या आणि शहर अफाट, त्यातून निपजलेला हा निव्वळ खंड होय, आणि रिकार्डोच्या वाचकाला त्याचे नवल वाटू नये. गिरणीतल्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली की काय होते, हे मुंबईच्या कामगारांना शिकवावयास नको. १९८९ मध्ये संस्थेने आपली एफएम लहर एका स्पॅनिश प्रसारण कंपनीला देऊन मध्यम लहरींवरील जागा घेतली. तेथे बातम्या आणि चर्चा यांचे केंद्र म्हणून ते आणखी बारा वर्षे चालले. २००१ मध्ये प्रसारणाचा ताबा ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडे गेला आणि जुने नावही गेले. २००३ मध्ये मालकी डिझ्नीकडे आली. १९२७ मध्ये ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्या वारसांना कोणी विचारले नाही. विचारण्याची तरतूदच नव्हती.

भारतातील समाजवाद्यांनाही नभोवाणी परकी नाही. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथींनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालविला. त्यामागे डॉ. राममनोहर लोहिया होते. नोव्हेंबरात धाड पडून तो बंद झाला. ब्रिटिशांचे ते वर्तन समजण्यासारखे होते. स्वतंत्र भारतातील सरकारांनी मात्र तोच संशय जपून ठेवला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, समुदाय नभोवाणीचे दार सेवाभावी संस्थांना उघडले. पण त्या धोरणाने बातम्या व चालू घडामोडी वर्ज्य केल्या आणि राजकीय पक्ष व त्यांच्याशी संलग्न कामगार संघटनांना अपात्र ठरविले. म्हणजे ऊसतोडणीच्या दरावर चर्चा करू इच्छिणाऱ्या अशा संघटनेला परवाना नाही, आणि ज्या संस्थेला परवाना आहे तिला ती बातमी देण्याची मुभा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये खाजगी एफएम केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. व्यापाऱ्यांवरचा विश्वास आधी, ही १९२८ चीच रीत.

तथापि त्याच २००६ च्या धोरणात एक कलम असे आहे की ते अमेरिकेत असते, तर डब्ल्यूईव्हीडी विकले गेले नसते. हा परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी पहिली दोन बंधने उठविण्याची मागणी लावून धरावी आणि हे तिसरे कलम जसेच्या तसे राखून घ्यावे. स्वतःच्या वृत्तपत्राचे व छापखान्याचे विश्वस्तपत्र लिहितानाही पक्षाने ते उतरवून घ्यावयास हरकत नाही.