पाण्याखालच्या फोटोंची स्पर्धा पुरे, आता शिरगणती करूया

डायव्हिंगचा कोर्स संपून कार्ड हातात पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कोणता घेऊ? इथे सिडनीत माझ्या ओळखीतल्या मराठी डायव्हर मंडळींपैकी निम्म्यांनी तरी हा प्रश्न मला विचारला आहे. माझं संशोधन प्रकाशावर आहे, आणि प्रकाशावर काम करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं असा एक गोड समज आहे. उत्तर मी देते, पण आधी उलट विचारते: फोटो काढून त्याचं करणार काय?

बहुतेक जण म्हणतात, आठवण म्हणून. त्यात गैर काहीच नाही. पण दोन-तीन वर्षांत हार्ड डिस्कवर हजारो फोटो साठतात, त्यातले वीसेक फेसबुकवर जातात, दोन क्लबच्या वार्षिक स्पर्धेला जातात आणि बाकीचे पुन्हा कोणी उघडत नाही. माझं म्हणणं असं आहे की त्या न उघडलेल्या फोटोंमध्ये समुद्राची जी नोंद पडून आहे, ती स्पर्धेतल्या दोन फोटोंपेक्षा मोलाची आहे. आपले क्लब, सहली, वीकेंडचे कार्यक्रम त्या नोंदीभोवती आखायला हवेत. कॅमेरा कोणता, हे मग बऱ्याच अंशी आपोआप ठरतं.

आधी पाण्याचा स्वभाव बघूया, कारण दुकानदार तो सांगत नाही. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल बहुतेक संपलेला असतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो. वीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. इथे लोक फक्त खोलीचा विचार करतात, पण शोषण होतं ते प्रकाशाने पाण्यातून केलेल्या एकूण प्रवासात. पाच मीटर खोलीवर असलेला मासा तुमच्यापासून पाच मीटर लांब असेल, तर रंगांच्या हिशेबात तो जवळपास दहा मीटरवर आहे. त्यात पाण्यात तरंगणारे कण प्रकाश इकडेतिकडे उधळतात. म्हणून लांबून झूम करून काढलेला फोटो निळसर आणि दुधाळ येतो, मग कॅमेरा कितीही महाग असो. पाण्याखालच्या फोटोग्राफीचा पहिला नियम 'जवळ जा' हा आहे, आणि दुसरा 'अजून जवळ जा'.

दुसरी गंमत अपवर्तनाची. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33. त्यामुळे हाउसिंगची काच सपाट असेल तर वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी आणि मोठी दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पाण्यातून हवेत येणाऱ्या किरणासाठी क्रांतिक कोन सुमारे 48.6 अंश आहे. म्हणजे सपाट काचेमागे कसलीही वाइड लेन्स लावा, पाण्यातलं सुमारे 97 अंशांपलीकडचं दृश्य आत येऊच शकत नाही. म्हणून वाइड लेन्ससाठी घुमटासारखी काच लावतात, जिला डोम पोर्ट म्हणतात. डोमपुढचं पाणी स्वतःच एका भिंगासारखं वागतं. डोमची त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल तर दहा मीटरवरचं बुडालेलं जहाजसुद्धा कॅमेऱ्याला काचेपुढे 30 सेंटिमीटरच्या आत उभं असल्यासारखं दिसतं. जवळ फोकस न करू शकणारी लेन्स तिथे आंधळी ठरते. मोठ्या हौसेने आणलेली महाग लेन्स डोममागे धूसर फोटो देते ती याच कारणाने, आणि लोक मात्र कॅमेऱ्याला दोष देतात.

तर माझा खरेदीचा क्रम असा. पहिले पैसे बॉयन्सी सुधारण्यावर घाला, म्हणजे हात न हलवता, वाळू न उडवता एका जागी तरंगत राहण्याच्या कसबावर. ज्याला ते जमत नाही त्याला जवळ जाता येत नाही, आणि गेलाच तर तो काहीतरी मोडून येतो. मग एक बरा दिवा घ्या, कारण गेलेला लाल रंग परत आणायचा तर पांढरा प्रकाश तुम्हालाच सोबत न्यावा लागतो. स्ट्रोब असेल तर तो लेन्सच्या शेजारी न ठेवता हातभर बाजूला धरा, नाहीतर मधल्या पाण्यातले कण उजळून फोटोत बर्फ पडतो. कॅमेरा सगळ्यात शेवटी. ऑलिम्पस टीजी-6 सारखा छोटा कॅमेरा हाउसिंगशिवाय 15 मीटरपर्यंत आणि त्याच्या हाउसिंगमध्ये 45 मीटरपर्यंत चालतो, आणि लेन्सपासून एका सेंटिमीटरवरची वस्तू टिपतो. किड्यामुंग्यांएवढ्या जीवांसाठी मला याच्यापुढे काही लागत नाही. गोप्रो जहाजांना, कासवांना, मित्रांना छान. नखाएवढ्या प्राण्याला नाही. ओ-रिंगबद्दल प्रत्येक दुकानात व्याख्यान मिळतं, म्हणून एवढंच सांगते: एक केस पुरतो. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत असतो आणि पाणी ती फट शोधतंच.

आता मुख्य मुद्दा. डायव्हिंग क्लबांचे फोटोंचे कार्यक्रम बहुधा एकाच साच्याचे असतात. शनिवार-रविवार डाइव्ह, संध्याकाळी बार्बेक्यू, पडद्यावर फोटो, परीक्षक, बक्षीस म्हणून रेग्युलेटर नाहीतर एखादी सहल. मजा येते, ओळखी होतात, नवखी माणसं टिकतात. मी या कार्यक्रमांच्या विरोधात नाही. माझा विरोध आहे तो बक्षीस कशाला मिळतं याला. सुंदर फोटोला बक्षीस ठेवलं की माणूस सुंदर फोटोसाठी काय काय करतो ते पाण्याखाली बघायला मिळतं. गोगलगाय उचलून जास्त रंगीत स्पंजवर ठेवली जाते. समुद्रघोड्याला काठीने हळूच वळवलं जातं. चौकटीसाठी कोपर प्रवाळावर टेकवलं जातं. ग्रेट बॅरियर रीफवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात सराईत, मोठी साधनं वापरणाऱ्या फोटोग्राफर डायव्हरांकडून इतरांपेक्षा प्रवाळाची जास्त मोडतोड झाल्याचं दिसलं होतं. फ्लॅशला लोक फार घाबरतात, पण 2019 मधल्या एका अभ्यासात तळाशी राहणाऱ्या माशांवर फ्लॅशपेक्षा त्यांना हात लावण्याचा, हलवण्याचा परिणाम जास्त दिसला आणि समुद्रघोड्यांच्या डोळ्यांना फ्लॅशमुळे इजा झालेली आढळली नाही. दोष फ्लॅशचा कमी आणि हाताचा जास्त. आणि हात पुढे येतो तो बक्षिसासाठी.

याला पर्याय कागदावरचा नाही, तो इथेच चालू आहे. सिडनीहून उत्तरेला अडीच-तीन तासांवर नेल्सन बे नावाचं गाव आहे. तिथे 2013 मध्ये सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या संशोधकांनी स्थानिक डायव्हरांना हाताशी धरून समुद्री गोगलगायींची पहिली शिरगणती केली. इथे तिला सी स्लग सेन्सस म्हणतात. काही दिवस ठरवायचे, त्या दिवसांत ज्याला जसं जमेल तसं, डायव्ह करून, स्नॉर्कलने किंवा ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत वाकून बघत, सापडेल त्या गोगलगायीचा फोटो काढायचा आणि जागेच्या नोंदीसकट पाठवायचा. ओळख पटवायला जाणकार बसलेले असतात. त्यानंतर ही गणती ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी पसरली आणि देशाबाहेरही गेली.

गोगलगायीच का? शंख टाकून दिलेल्या या प्राण्यांपैकी न्यूडिब्रँक गटातल्यांचे रंग बघून कोणीही फोटो काढतो, हे एक कारण. पण शास्त्रीय कारण जास्त छान आहे. बऱ्याच जातींचं आयुष्य वर्षभराच्या आतबाहेर असतं आणि खाणं अत्यंत चोखंदळ: एखादी जात ठरावीक स्पंजच खाणार, दुसरी ठरावीक हायड्रॉइडच. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि जिथे पाण्याचं तापमान आणि जेवण जमेल तिथे वाढतात. म्हणजे समुद्र बदलला की या बदलाची वर्दी देणाऱ्यांत त्या पुढे असतात. या किनाऱ्यावरून ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट नावाचा उबदार प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. उष्ण कटिबंधातल्या काही गोगलगायी पूर्वी माहीत असलेल्या हद्दीच्या बऱ्याच दक्षिणेला, तास्मान समुद्रापर्यंत आढळल्याच्या नोंदी झाल्या, त्यांत हौशी लोकांच्या फोटोंचा वाटा आहे. एका विद्यापीठाकडे किती डायव्हर असणार, आणि ते वर्षातून किती दिवस पाण्यात जाणार? क्लबांतली माणसं दर रविवारी जातात.

अशा कार्यक्रमात किंचित हललेला, कोपऱ्यात मित्राचा फिन आलेला फोटोही चालतो, प्राणी ओळखता आला की झालं. याचं आणखी स्पष्ट उदाहरण व्हेल शार्कचं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला किंवा मालदीवला गेलेल्या प्रत्येकाला त्या अजस्र माशाचा समोरून, तोंड उघडलेला फोटो हवा असतो. त्या फोटोतून तो मासा कोणता हे कळत नाही. त्याच्या डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या मागचा ठिपकेदार भाग हवा, कारण ती ठिपक्यांची मांडणी प्रत्येक व्हेल शार्कची वेगळी असते. ती जुळवण्यासाठी 2005 मध्ये वापरात आणलेली गणिती पद्धत मुळात खगोलशास्त्रातली आहे. आकाशाच्या दोन फोटोंतले तारे एकमेकांशी जुळवायचे कसे, यासाठी ती तयार झाली होती. पर्यटकांनी पाठवलेल्या फोटोंवरून तोच मासा वर्षांनंतर पुन्हा दिसला हे सांगता येतं, आणि त्याला टॅग टोचावा लागत नाही. समोरचा फोटो जरूर काढा, पण निघताना डाव्या बाजूने एक घ्या.

'सौंदर्य बघूनच लोकांना समुद्राची ओढ लागते, तुझे हललेले फोटो कोण बघणार?' असं मला एका ज्येष्ठ डायव्हरकाकांनी सुनावलं होतं. त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. पण सुंदर फोटोंची आता टंचाई नाही. शिवाय एआयने रंग भरलेल्या फोटोंमुळे सुंदर फोटो पुरावा म्हणून दिवसेंदिवस कमकुवत होत चालला आहे. रंग परत आणण्याचा प्रामाणिक मार्गही आहे: डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी 2019 मध्ये मांडलेली सी-थ्रू ही पद्धत प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर काढते आणि पाण्याने किती रंग खाल्ला याचा हिशेब करून तो वजा करते. तो हिशेब आहे. फोनवरचं ॲप मात्र प्रवाळ 'असं दिसायला हवं' म्हणून गुलाबी करतं. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला ॲपने गुलाबी केलं तर तो फोटो खोटं बोलतो, आणि आपण लाइक देतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने एप्रिल 2024 मध्ये प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक घटना जाहीर केली. अशा काळात मूळ, हात न लावलेली फाइल जपून ठेवणं हे माझ्या मते प्रत्येक डायव्हरचं काम आहे. सजवलेली प्रत वेगळी ठेवा की हवी तर.

आपल्याकडचं काय? मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, तारकर्लीला रीतसर डायव्हिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे, आणि डिसेंबरात भारतवारीला गेलेले आपल्यातले बरेच जण तिथे पाण्यात उतरतातच. मुंबईत तर पाण्यात उतरायचीही गरज नाही. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम 2017 पासून जुहू, हाजीअलीसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन फिरतो. तिथे फोनने टिपलेल्या प्राण्यांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर चढतात, आणि त्यांत न्यूडिब्रँकही आहेत. हाजीअलीच्या खडकांत! आणि महाराष्ट्रात 2018 पासून, जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क, कासव यांसारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. हलत्या होडीतून साध्या फोनवर काढलेला तो फोटो एखाद्या क्लबच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद होईल.

तेव्हा तुम्ही दुबईत असा, लंडनला असा की ह्यूस्टनला, क्लबच्या पुढच्या बैठकीत एवढं मांडून बघा. स्पर्धा ठेवा, पण एक बक्षीस सर्वांत जास्त जातींची नोंद करणाऱ्याला द्या. प्राण्याला हलवलेलं दिसलं तर फोटो बाद करा. ज्या फोटोला तारीख, जागा आणि खोली नाही, तो स्पर्धेत घेऊच नका.

खोलीची नोंद कशी ठेवायची असं लगेच कोणीतरी विचारेल. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाइव्ह कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली नोंदवत असतो आणि कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ टाकतो. दोन्ही घड्याळं जुळत असली की घरी बसून प्रत्येक फोटोची खोली काढता येते. पाण्यात शिरण्याआधी कॉम्प्युटरच्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे घड्याळांत फरक असला तरी तो किती हे कळतं. आणि भारतात जाताना दोन्हींची वेळ साडेपाच तासांच्या हिशेबाने विमानातच बदलून टाका, मालवणला होडीवर ते लक्षात राहत नाही.