बॅकअप घ्या, पण वायर काढून ठेवा

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ व्हायरसने मर्स्क समूहाचे जगभरचे संगणक बंद पाडले. जेएनपीटीतले त्यांचे टर्मिनलही ठप्प झाले. नेटवर्कची मूळ माहिती वाचली ती घानातल्या एका सर्व्हरवर. कारण? तिथे वीज गेली होती! विजेची ये-जा रोज पाहणाऱ्या धाराशिवकरांनी हा धडा घ्यावा.

सेतू केंद्र असो वा दवाखाना, नुसत्या फायली जपून भागत नाही. डिस्क गेली की विंडोज, प्रिंटर, सॉफ्टवेअर नव्याने बसवण्यात दिवस जातो. दाखल्यासाठी आलेला माणूस हात हलवत परततो. सी ड्राइव्हची पूर्ण ‘इमेज’ आणि बूट पेनड्राइव्ह असेल, तर काम लवकर सुरू होते. मात्र इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या, वायर काढा आणि एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसतीच मनाची समजूत.