कसोटीच्या जुन्या मोटार-सायकली आणि त्यांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत बहुतकरून देवालयें, वाडे व घाट यांजकरितां राखून ठेविलेला आहे. लोखंडी यंत्राचाहि जीर्णोद्धार होऊं शकतो, आणि जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटाचा गिलावा चढवितांना खऱ्याखोट्याचा जो प्रश्न उभा राहतो तोच येथेंहि उभा राहतो, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. ह्या लेखांत आम्ही अशाच एका यंत्राविषयीं लिहिणार आहों. तें यंत्र म्हणजे ‘ट्रायल’ नांवाच्या स्पर्धेकरितां बनविलेली जुनी मोटार-सायकल.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत मोटार-सायकलीची गोष्ट निघाली कीं पहिला प्रश्न वेगाचा असतो. त्यांना हें ऐकून नवल वाटेल कीं, ट्रायलमध्यें वेगाला बहुधा कांहींच किंमत नसते. ट्रायल म्हणजे कसोटी. ओढ्याचें पात्र, शेवाळलेले धोंडे, चिखलाची चढण, उघडीं पडलेलीं झाडांचीं मुळें, अशा जागीं खुणा लावून लहान लहान टप्पे आंखलेले असतात, आणि स्वारानें पाय जमिनीस न टेकतां त्यांतून पार व्हावयाचें असतें. पाय एकदां टेकला तर एक दोष, दोनदां टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळां टेकला तरी तीनच. परंतु गाडी पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर एकदम पांच. ज्याचे दोष सर्वांत कमी तो विजयी. स्कॉटलंडांतील प्रसिद्ध ट्रायल १९०९ सालीं पांच दिवसांची म्हणून सुरू झाली, ती पुढल्याच वर्षापासून ‘सहा दिवसांची’ ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. यॉर्कशायरांत आल्फ्रेड अँगस स्कॉट ह्या कारखानदारानें १९१४ सालीं आपल्या कामगारांकरितां दुसरी एक ट्रायल आरंभिली. तिच्यांत वेळहि मोजतात, हा अपवाद होय.

अशा कामास लागणारें यंत्र निराळेंच असतें. इंजिन अगदीं सावकाश फिरत असतांहि त्यानें ओढ सोडतां कामा नये, म्हणून फ्लायव्हील जड आणि गिअर खालचे. मागील टायरांत हवेचा दाब अवघा चार-पांच पौंड ठेवितात. आपल्याकडील रस्त्यावरचा मिस्त्री पाहील तर पंक्चर झालें असेंच समजेल. इतक्या कमी हवेनें टायर रिमवर घसरूं नये म्हणून आंतून एक पकड बसविलेली असते.

सॅमी मिलर ह्या उत्तर आयर्लंडांतील स्वारानीं एरियल कंपनीच्या पांचशें सी.सी.च्या भारदस्त गाडीवर १९६२ व १९६४ सालीं ती सहा दिवसांची स्कॉटिश ट्रायल जिंकली. १९६४ च्या अखेरीस ते स्पेनमधील बुल्टाको कंपनीकडे गेले, आणि तेथें त्यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेल्या ‘शेर्पा’ नांवाच्या, सुमारें दोनशें पौंड वजनाच्या टू-स्ट्रोक गाडीवर १९६५ सालीं त्यांनीं तीच स्पर्धा पुन्हां जिंकली. मोठ्या फोर-स्ट्रोक इंग्रजी गाड्यांची सद्दी तेथें संपली. जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत ‘१९६५ पूर्वीच्या’ असा जो वर्ग दिसतो त्याचें मूळ ह्या पालटांत आहे. स्कॉटलंडांत किनलॉकलेव्हन येथें ह्या वर्गाची स्वतंत्र ट्रायल १९८४ पासून होऊं लागली.

हा सारा परदेशींचा इतिहास आपल्या मुलांस कशाला, असें पालक विचारतील. त्याचें एक टोंक आपल्या अंगणांत येऊन पोंचलेलें आहे. मागील चाकास स्प्रिंग असलेली बुलेट इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड कंपनीनें प्रथम १९४८ सालीं ट्रायलमध्येंच उतरविली. मागील चाक ताठ नसेल तर चढणीवर पकड राहणार नाहीं, असें तेव्हांचे जाणते म्हणत असत. जॉनी ब्रिटन ह्यांनीं त्याच कंपनीच्या गाडीवर १९५२ व १९५७ सालीं स्कॉटिश ट्रायल जिंकून त्या शंकेचें उत्तर दिलें. १९५५ पासून ही बुलेट मद्रासेस जुळूं लागली, व मूळ इंग्रजी कारखाना बंद पडल्यावरहि ती तेथें निघतच राहिली. साताऱ्याच्या किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या गोठ्यांत पेंढ्याखालीं पडलेली आजोबांची बुलेट ही त्या डोंगरी कसोटीच्या गाडीची सख्खी नातलग आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. वीस-तीस वर्षें पडून राहिलेली इंग्रजी गाडी हातीं आली कीं उतावळा मनुष्य प्रथम रंगाचा डबा आणितो. आमच्या मतें तें सर्वांत शेवटचें काम होय. प्रथम नट-बोल्टांची जात ओळखावी. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांवर मिलिमीटरचे आटे नसून व्हिटवर्थ व तत्सम इंग्रजी मापांचे असतात. आणि व्हिटवर्थच्या पान्यावरील आंकडा पान्याच्या तोंडाचा नव्हे, तर बोल्टाच्या जाडीचा असतो. हें न जाणतां जवळपासच्या मापाचा पाना लावून जोर केला कीं नटाचे कोपरे गेलेच; मग छिन्नी, मग हातोडा, आणि साठ वर्षें टिकलेला भाग पांच मिनिटांत भंगारांत.

तीच गोष्ट मॅग्नेटोची. गाडी थंड असतां पहिल्या किकेस सुरू होते, अर्ध्या तासानें तापली कीं बंद पडते, आणि निवाली कीं पुन्हां चालू होते, असें लक्षण दिसलें म्हणजे अर्धवट मिस्त्री कार्ब्युरेटरच्या मागें लागतो. दोष बहुधा मॅग्नेटोच्या पोटांतील कंडेन्सरचा किंवा तारेच्या वेटोळ्याचा असतो. येथें एक मौज सांगण्याजोगी आहे. त्या वेटोळ्यावर पूर्वीं शेलॅकचा लेप देत असत, आणि शेलॅक म्हणजे पळस-कुसुंबाच्या झाडांवर मिळणारी आपली लाखच! उष्णतेनें व दमट हवेनें ती मऊ होऊन पाझरते, आणि फिरणारा भाग जागच्या जागीं चिकटून बसतो. गाडीनें दगा दिला म्हणून चिडलेल्या इंग्रज गृहस्थास त्यामागें रानांतला एक चिमुकला किडा आहे हें कोठून ठाऊक असणार!

स्पॅनिश गाड्यांचें दुखणें निराळें. पुष्कळ शेर्पांच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत, आणि आजच्या पेट्रोलांतील इथेनॉल त्यांतील राळ मऊ करितें. थर सुटून चिकट द्रव्य कार्ब्युरेटरांत उतरतें. आपल्याकडे तर पेट्रोलांत इथेनॉलाचें प्रमाण शेंकडा २० वर गेलें आहे. अशा वेळीं टाकीस आंतून योग्य लेप द्यावा, अथवा ॲल्युमिनियमची नवी टाकी करवून मूळ टाकी माळ्यावर जपून ठेवावी. ह्यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. ब्रेकचें अस्तर, टायर, विजेच्या तारा, गंजलेले आरे हे भाग नवे घातलेच पाहिजेत. जुनेपणाच्या प्रेमापायीं कोणी हाडें मोडून घ्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं.

आमचा आक्षेप निराळ्याच गोष्टीस आहे. ‘१९६५ पूर्वीच्या’ स्पर्धांत अशा गाड्या दिसूं लागल्या कीं ज्यांचें रूप मात्र जुनें. चौकट नवी व हलकी, चाकांचे हब आजच्या लेथवर कातलेले, पुढच्या जुन्या फोर्कच्या नळ्यांत आजच्या गाडीचे अवयव, आणि बोल्ट टायटॅनियमचे. टाकीवर नांव तेवढें जुन्या कंपनीचें. ज्यानें खरोखरीची जुनी, जड, अवघड गाडी महिनोगणती खपून उभी केली, त्यानें अशा गाडीशीं त्याच ओढ्यांत सामना द्यावयाचा! परीक्षेंत पदरच्या ज्ञानावर लिहिणाऱ्या मुलाशेजारीं दुसऱ्यानें बाहींत चिठ्ठी ठेवून बसावें, तसाच हा प्रकार होय. ह्याकरितांच स्पर्धेच्या चालकांस आरंभापूर्वीं गाड्या तपासण्याचे नियम करावे लागतात, आणि कोणता भाग चालेल, कोणता चालणार नाहीं, ह्यावर वाद झडतात.

ह्यावर दुसऱ्या पक्षाचें उत्तर असें कीं, मिलर यांनीं तरी आपली एरियल जशीच्या तशी कोठें ठेविली होती? वर्षानुवर्षें ते तिचें वजन कमीच करीत आले. हें म्हणणें खरें आहे, आणि तें उडवून लावण्याजोगें नाहीं. परंतु त्यांनीं तें केलें तेव्हां ती गाडी त्या दिवसाचीच गाडी होती. जुनेपणाचा मान मागून ती कोणाशीं स्पर्धा करीत नव्हती. त्या काळच्या स्वारानें त्या काळच्या कानशीनें काढलेला बदल हा त्या यंत्राच्या चरित्राचा भाग आहे, व तो पुसून कारखान्यांतून निघाल्यासारखी चकचकीत गाडी करणें हेंहि आम्हांस पसंत नाहीं. आज नवें घालावयाचें तर तें उघडपणें सांगावें, आणि नव्या गाड्यांच्या वर्गांत उतरावें. तेथें कोणाची हरकत नाहीं.

निगा राखण्याचें काम जीर्णोद्धाराहून कंटाळवाणें, आणि म्हणूनच दुर्मिळ. चिखलांतून परतलेली गाडी जोराच्या पाण्याच्या झोतानें धुणें म्हणजे बेअरिंगांत पाणी भरणें. ब्रेकचे जुने ड्रम उघडून पुसावे, साखळीस वंगण द्यावें, गाडी कांहीं दिवस उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटरांतील पेट्रोल काढून टाकावें. चाकाचे आरे एकेक करून पान्यानें हळूच वाजवावे. सर्वांचा नाद साधारण एकसारखा येतो, आणि सैल आरा बद्द बोलतो. तबला जुळविणाऱ्या घरांतील मुलास हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.

पालकांपैकीं कांहींना मुलाच्या हातास ग्रीस लागलेलें खपत नाहीं. तो उद्यां पदवीधर व्हावयाचा आहे, असें ते म्हणतात. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या तरुणांस साधा आटा ओळखतां येत नाहीं, असें आम्हीं पाहिलें आहे, तें ह्याच संकोचाचें फळ होय. गिअरची गाडी अठरा वर्षांच्या आंत रस्त्यावर चालविण्यास कायद्याची बंदी आहे, व ती योग्यच आहे. परंतु ती उघडून पाहण्यास वयाची अट नाहीं. तेव्हां येत्या उन्हाळ्याच्या सुटींत गोठ्यांतील ती बुलेट रंगाऱ्याकडे धाडण्याचा विचार कोणाच्या घरीं असेल, तर तो तूर्त थांबवावा. प्रथम सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. वडिलांनीं किंवा आजोबांनीं आठवेल तसें, कोणता भाग केव्हां व कां बदलला, तें वहींत लिहवून घ्यावें. आणि मुलानें जो जो भाग सोडविला, तो तो निकामी ठरला तरी, चिठ्ठी बांधून रिकाम्या तेलाच्या डब्यांत ठेवावा.