अंजिराचे झाड आणि आपला उकिरडा



लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. भोवती खणून खत घालीन म्हणतो. प्रवचनांत आपण पश्चात्तापाविषयी बोलतो, ते योग्यच आहे. पण माळ्याच्या हातातल्या खताकडेही पाहावे, असे आम्हाला वाटते.

बेळगाव-खानापूर भागात आपल्या अनेक घरी गाय-म्हैस आहे. शेण उघड्या उकिरड्यावर पडते. उन्हाने ते वाळते, पावसात त्याचा कस ओहोळात वाहून जातो. मग पेरणीला तेच घर उधारीवर खताची पोती आणते. म्हणून शेणाचे गांडूळखत करणे हा आपल्या भक्तीचाच भाग मानावा, असे आमचे मत आहे.

यात घाई चालत नाही. ताजे शेण तापते, त्यात गांडुळे मरतात. ते पंधरा-वीस दिवस मुरू द्यावे. सावलीत दीड-दोन फूट उंचीचा थर करून गांडुळे सोडावीत, वर ओले गोणपाट टाकावे. ओल राहावी, पाणी साचू नये. कोंबड्या आणि मुंग्यांपासून जपावे. साधारण दोन महिन्यांत चहापत्तीसारखे खत होते. काढण्याआधी काही दिवस पाणी बंद केले की गांडुळे खाली जातात.

मात्र भलत्या आशा दाखवू नयेत. युरियात 46 टक्के नत्र असते, गांडूळखतात जेमतेम एक-दोन टक्के. पोती एकदम बंद केली तर पीक मार खाईल. पण या खताने माती भुसभुशीत होते, ओल धरते. पोती हळूहळू कमी करता येतात.

आणखी एक गोष्ट. शेणाची पाटी बहुतेक घरांत बाईच्याच डोक्यावर असते. हे नवे कामही तिच्यावरच टाकणार असू, तर न केलेले बरे. दाखल्यातला माळी स्वतः खणायला तयार झाला होता. पुरुषांनी आणि तरुणांनी पाटी उचलावी.

नवी कणसे आपण आशीर्वादासाठी वेदीपाशी आणतो. यंदा त्यांच्याशेजारी खताची एक टोपली असावी आणि मिस्सानंतर ती चर्चच्या आवारातल्या झाडांना घालावी.