खेळ, चित्रकला व चरितार्थ

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत पालकांची रीघ लागते. "मुलानें पुढें काय करावें?" हा एकच प्रश्न निरनिराळ्या मुखांनीं विचारला जातो. पूर्वीं त्याचीं उत्तरें ठरलेलीं असत: डॉक्टरी, इंजिनियरिंग, बँक, नाहीं तर शिक्षकाचा पेशा. अलीकडे त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला व्हिडिओ गेमचीं चित्रें काढावयाचीं आहेत." हें ऐकतांच वडिलांचा चेहरा उतरतो, आई आमच्याकडे पाहते, आणि आम्ही कांहीं तरी शहाणपणाचें बोलूं अशी अपेक्षा दोघेंही करितात.

हें शहाणपण आमच्यापाशीं नेहमींच होतें असें मात्र नाहीं. सुमारें दहा वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीच्या मागल्या पानांवर आम्हांस किल्ले, घोडे व चिलखत घातलेले वीर आढळले. आम्ही ती वही काढून घेतली आणि वडिलांस बोलावून, "याचा हा नाद सोडवा," असा सल्ला दिला. मुलगा आज्ञाधारक होता. तो इंजिनियरिंगला गेला, दुसऱ्या वर्षीं अडकला, आणि अखेर तें शिक्षण सोडून एका दुकानांत हिशेब लिहूं लागला. तो रस्त्यांत भेटला म्हणजे आदरानें नमस्कार करितो. आम्हांस मात्र ती वही आठवते.

गेल्या वर्षीं नेमका उलट प्रकार घडला. रेल्वेच्या कारखान्यांत काम करणारे एक पालक एका खासगी संस्थेचें रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. एका वर्षांत डिप्लोमा, नोकरीची हमी, आणि फी कांहीं लाखांची. आठ दिवसांत पैसे भरल्यास सवलत! राहतें घर गहाण ठेवून कर्ज काढण्याचा त्यांचा विचार होता. आम्ही एवढेंच विचारलें, "मुलगा हातानें चित्र काढतो काय?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चित्र काढतांना नाहीं पाहिला, सर. खेळतो मात्र रात्रंदिवस."

या दोन्ही चुकांचें मूळ एकच आहे. बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो, असा दाखला आपल्या प्रभूनें दिला आहे. पहिल्या प्रसंगीं आम्ही मुलाजवळच्या भांडवलाचा हिशेब केला नाहीं. दुसऱ्या प्रसंगीं वडील खर्चाचा हिशेब करावयास विसरले होते.

कांहीं पालकांच्या मनांत खेळ म्हणजे जुगार असें समीकरण बसलें आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निराळे. त्यांस बंदी करणारा कायदा संसदेनें सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत संमत केला. आम्ही बोलत आहों ती गोष्ट कथा, चित्र, संगीत व गणित यांच्या मिलाफाची आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें सन २०२० मध्यें 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील वाडे, मंदिरें व भिंतींवरील चित्रें आपल्या देशाच्या जुन्या कलेवरून घेतलेलीं आहेत. ज्यांनीं तीं काढिलीं त्यांनीं आधीं तीं शिल्पें व तीं लघुचित्रें डोळे भरून पाहिलीं असलीं पाहिजेत.

या कलेंत करावें तरी काय लागतें? प्रथम एक जण कागदावर किंवा पडद्यावर पात्राची व स्थळाची कल्पना रेखाटतो. दुसरा तिच्यावरून, कुंभारानें माती घडवावी तशी, संगणकांत त्रिमित आकृति घडवितो. तिसरा तिला लाकूड, गंज, कातडें यांचा पोत व रंग देतो. चौथा तिच्या आंत हाडांचा सांगाडा बसवितो, आणि पांचवा तिला चालावयास, धांवावयास शिकवितो. याखेरीज प्रकाश योजणारा वेगळा, आणि चित्रकार व प्रोग्रॅमर यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारा वेगळा. अॅनिमेशनच्या चित्रपटांतील एक चित्र तयार करावयास संगणकाला तासन् तास मिळतात. खेळांत तोच पडदा सेकंदास ३० किंवा ६० वेळां नव्यानें रंगवावा लागतो. म्हणून या कलावंतास काटकसर येणें अवश्य आहे.

काटकसरींतूनही कला कशी जन्मते याचें उदाहरण जपानच्या शिगेरु मियामोतो यांचें आहे. ते औद्योगिक रचनेचें शिक्षण घेऊन सन १९७७ मध्यें निन्टेन्डो कंपनींत गेले. सन १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळांत त्यांस इवल्याशा जागेंत मोजक्याच ठिपक्यांनीं मनुष्य दाखवावयाचा होता. केस नीट दाखवितां येईनात म्हणून त्यांनीं टोपी घातली. नाक व तोंड वेगळें दिसेना म्हणून मिशा दिल्या. तोच पुढें जगप्रसिद्ध झालेला मारिओ. साधन तोकडें होतें, पण पाहणारा डोळा शिकलेला होता.

म्हणून आमचें मत असें कीं, आधीं हात, मग पदवी, आणि यंत्र त्यांच्या जोडीला. शाळेंत असतांनाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्या. रोज अर्धा तास वस्तु समोर ठेवून रेखाटन करावें: तांब्या, आजोबांचे हात, दारांतलें मांजर. दृष्टिभ्रम व छायाप्रकाश तेथेंच समजतात. बारावीनंतर दोन मोठे मार्ग आहेत. एक ललितकलेच्या पदवीचा, ज्यासाठीं आपल्या राज्याची प्रवेशपरीक्षा असते; सन १८५७ मध्यें स्थापन झालेलें मुंबईचें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट याच मार्गावरचें नामांकित कलामंदिर होय. दुसरा मार्ग डिझाइनच्या पदवीचा. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें त्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून, 'यूसीड' या प्रवेशपरीक्षेंत चित्र काढूनही दाखवावें लागतें. पदवीनंतर पुढें जावयाचें झाल्यास, सन १९६१ मध्यें अहमदाबादेस निघालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर शाखेंत डिजिटल खेळांच्या रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

यंत्राविषयीं गरीब पालकांनीं घाबरूं नये. त्रिमित कामासाठीं 'ब्लेंडर' व रंगकामासाठीं 'क्रिता' हे दोन्ही प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात, आणि जगभरचे व्यावसायिक ते वापरतात. फी भरण्यापूर्वीं मुलानें घरीं सहा महिने त्यांवर काम करून पाहावें. या काळांत त्याचा उत्साह मावळला, तर घर गहाण पडण्यापासून वांचलें असें समजावें. वाढला, तर त्याच्यापाशीं दाखविण्याजोगीं कामें जमतील. या व्यवसायांत उमेदवाराचा कामांचा संग्रह प्रथम पाहतात, प्रमाणपत्र मागाहून. पन्नास कच्च्या चित्रांपेक्षां दहा पक्कीं चित्रें बरीं, आणि तीं कशीं घडत गेलीं हेंही दाखवावें.

या वाटेवरचे कांटे झांकून ठेवणें आमच्या पेशास शोभणार नाहीं. सन २०२३ व २०२४ या दोन वर्षांत जगांतील मोठमोठ्या गेम कंपन्यांनीं हजारों माणसें कामावरून कमी केलीं. खेळ प्रसिद्ध होण्याच्या वेळीं रात्रीचा दिवस करावा लागतो. आतां तर चार शब्द सांगतांच चित्र काढून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, आणि तीं नवशिक्याचें काम हिरावतील अशी भीति रास्त आहे. पण ज्यास शरीराची हाडें ठाऊक आहेत तोच यंत्राच्या चित्रांतील चूक ओळखूं शकतो. शिवाय ज्याचें मूळ चित्रकलेंत पक्कें आहे त्यास जाहिरात, पुस्तकांचीं चित्रें, चित्रपट, इमारतींचे आराखडे, अध्यापन, इतकीं दारें उघडीं असतात. केवळ एका प्रोग्रॅमचीं बटणें शिकलेल्यास तो प्रोग्रॅम मागें पडला म्हणजे पुन्हां पहिला धडा. नोकरीची हमी देणारें पत्रक हातीं आलें तर गेल्या वर्षींच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जण कोठें कामास लागले हें लेखी विचारा, आणि त्यांतल्या दोघांस स्वतः भेटा.

विद्यार्थिमित्रहो, खेळ आवडणें म्हणजे खेळ घडवितां येणें नव्हे. जेवण आवडणारा प्रत्येक जण आचारी होत नाहीं. पण देवानें हात दिला असेल तर तो जमिनींत पुरूं नका. आणि पालकहो, वहीच्या मागल्या पानावर चित्र दिसलें तर फाडण्यापूर्वीं एकदां नीट पाहा. आम्ही पाहिलें नव्हतें.

त्या रेल्वेवाल्या पालकांनीं तेव्हां पैसे भरले नाहींत. आम्ही त्यांच्या मुलास एक कोरी वही दिली. परवां तो शाळेंत आला होता. दोन वह्या भरल्या म्हणून तिसरी मागावयास. पहिल्या वहींतलीं मांजरें चार पायांचीं टेबलें दिसतात. दुसरींतलीं आतां उडी मारतील असें वाटतें.