वेडाचे प्रतीक आणि बरे होण्याची भाषा

वेड हे आपल्या साहित्यविचाराचे लाडके प्रतीक आहे. जग दांभिक, म्हणून वेडा तेवढा खरा, हे सूत्र वर्गात शिकवले जाते आणि उत्तरपत्रिकांत जसेच्या तसे उतरते. या सूत्राची अडचण अशी की वेडा बरा झाला तर प्रतीक कोसळते. त्यामुळे बरे होण्याकडे पाहण्याची दृष्टीच आपल्या समीक्षेने कमावलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारातून बरे होणे म्हणजे एके सकाळी शुद्धीवर येणे नव्हे. औषधे चालू राहतात, काहींच्या कानातले आवाजही पुरते थांबत नाहीत. तरी माणूस कामाला जातो, भांडतो, हसतो. त्यासाठी त्याची झोप उडाल्याचे वेळीच ओळखणारे कोणी लागते, त्याला काम देणारे कोणी लागते. हे एकट्याच्या जिद्दीचे काम नाही, एकट्या आईच्या वा बहिणीच्या त्यागाचेही नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहताना आपण बहिणीसाठी गहिवरतो आणि शीर्षक विसरतो. देवराई कोणा एकाच्या त्यागावर टिकत नाही. सारे गाव कुऱ्हाड आवरते, म्हणून ती टिकते.

समाज म्हणजे आपोआप औषध, असे आम्ही म्हणत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना तेथे आणून सोडणाराही समाजच होता. उलट बेल्जियममधील गेल या गावी कित्येक शतके सामान्य कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेत आली आहेत. फरक दयेचा नाही, व्यवस्थेचा आहे. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे एकोणिसावे कलम मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क देते; घरच्यांनी नाकारले एवढ्याच कारणाने त्याला इस्पितळात डांबून ठेवता येत नाही. कायदा आपल्या साहित्यविचाराच्या पुढे गेला आहे, ही गोष्ट आम्हांला लाजिरवाणी वाटते.

भाषाही पुढे गेली आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या वर्तुळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. कोणाला हे शब्द गोडगोड वाटतील. परंतु 'वेडा' या शब्दात माणूस एकटा उभा असतो, तर 'शुभार्थी' म्हटले की समोर 'शुभंकर' गृहीत धरावाच लागतो. एवढे व्याकरण एका स्वमदत गटाला उमगले. शब्दांवर जगणाऱ्या आपल्याला मात्र उमगले नाही.

वेडाचे प्रतीक वर्ज्य करा, अशी आमची मागणी नाही. फक्त पुढल्या वेळी ते फळ्यावर लिहिताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : या माणसाला बरे व्हायचे असते, तर या कथेत त्याच्यासाठी कोण होते?