इंजिन कुठलं बसवू, मामू?

गेल्या महिन्यात बर्मिंगहॅमहून आपाचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि लगेच तक्रार सुरू. "तुझा भाचा आणि तुझे दुलाभाई महिनाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. कारण काय, तर म्हणे इंजिन! आता तूच समजाव दोघांना." आपा माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिच्या शब्दाबाहेर मी आजवर गेलेलो नाही. शिवाय चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला इंजिनाच्या भांडणात पंच म्हणून बसायला मिळणं म्हणजे घरबसल्या दावत. मी लगेच हो म्हटलं.

प्रकरण असं. पाच वर्षांपूर्वी भाच्याने एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून अर्धवट राहिलेली किट कार विकत घेतली. किट कार म्हणजे सुटे भाग आणून घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडायची मोटार. आपल्याकडे हा प्रकार जवळजवळ नाहीच, पण ब्रिटनमध्ये त्याला मोठा इतिहास आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची एक लहानशी, दोन माणसांची, उघडी गाडी काढली. त्या काळी तिथे तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक ती सुट्या भागांतच घेत. भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागायचा, म्हणून कंपनी गाडी खोलायच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या उलट्या वाचून गाडी जोडी, असा किस्सा तिकडचे लोक अजून हसत हसत सांगतात. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले. ती गाडी आजही बनते.

पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलं. चौकोनी लोखंडी नळ्या कापून, वेल्डिंग करून सेव्हनच्या धर्तीची चासी घरी कशी बनवायची आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल काढून त्यात कसे बसवायचे, हे त्यात होतं. अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार, असा दावा थेट पुस्तकाच्या नावातच! तेवढ्यात ती कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही, पण पुस्तक वाचून शेकडो बापांनी गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीन आणलं. भाच्याने घेतलेली गाडी त्याच जातीची. आधीच्या मालकाने १९७३ ची एक एस्कॉर्ट खोलून तिचं १६०० सीसीचं 'क्रॉसफ्लो' इंजिन तीत घालायचं ठरवलं होतं. त्याच्याकडून झालं नाही. चासी, चार खोकी आणि ताडपत्रीत गुंडाळलेलं इंजिन भाच्याच्या घरी आलं.

पाच वर्षांत बाप-लेकांनी चासी घासून रंगवली, पुढचं सस्पेन्शन बसवलं, मागचा एक्सल लावला, ब्रेकच्या नळ्या ओढल्या. आता इंजिन बसवायचं, तर भाच्याच्या एका दोस्ताने मध्येच सांगितलं की हे जुनाट लोखंड कशाला, सुझुकीच्या हायाबुसा मोटारसायकलचं इंजिन घाल. दुसऱ्याने सांगितलं, फोर्डचंच पण नवं सोळा व्हॉल्व्हचं झेटेक घाल. दुलाभाई म्हणतात, जे आहे तेच घाल. त्यांनी तिथे आयुष्यभर एका वर्कशॉपमध्ये ही क्रॉसफ्लो इंजिनं उघडली आणि बंद केली. डोळे मिटून ते तिचे टॅपेट लावतील. आता मात्र त्यांच्या हाताला कंप सुटलाय. हे आपाने मला हळूच सांगितलं, भाच्याने नाही.

मी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याचा पहिला प्रश्न, "इंजिन कुठलं बसवू, मामू? खरं सांग." मी म्हटलं, "बेटा, आधी वजन सांग." गाडी तयार झाली की साधारण साडेपाचशे किलो भरेल. आपली जुनी मारुती ८०० साडेसहाशेच्या आसपास भरायची आणि तिचं इंजिन ३७ अश्वशक्तीचं. तीत चार माणसं, वर सामान, घेऊन आपण आंबा घाट चढलोय. क्रॉसफ्लो चांगल्या हालतीत असेल तर ऐंशीच्या पुढे देतं. म्हणजे मारुतीहून हलकी गाडी आणि दुप्पट ताकद. कमी कुठे आहे?

पण पोरांचा जीव हायाबुसात अडकतो, त्यांचंही चुकत नाही. १३०० सीसी, पावणेदोनशेच्या आसपास अश्वशक्ती, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्याच पोटात. क्रॉसफ्लोच्या लोखंडी ठोकळ्यापेक्षा कितीतरी हलकं. कागदावर याच्यासारखं दुसरं काही नाही. खरी गोष्ट बोनेट उघडल्यावर कळते. मोटारसायकल वळणावर झुकते, तेव्हा तिच्या चेंबरमधलं तेल इंजिनाच्या मानाने तळाशीच राहतं. मोटार झुकत नाही. जोरात वळवली की तेल सगळं एका बाजूला धावतं, ऑइल पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. दोन-चार सेकंदांचं काम, आणि बिग-एन्डचे बेअरिंग खलास. म्हणून चेंबरमध्ये आडवे पडदे घालावे लागतात किंवा तेलाची टाकीच बाहेर काढावी लागते. क्लच बनवलाय मोटारसायकल ओढायला, त्याच्यावर येणार दुपटीहून जास्त वजन. चढावर गाडी सुरू करताना तो जळणार. मागे जायचा गिअर नाही, आणि ब्रिटनच्या कायद्यात ठराविक वजनापुढच्या गाडीला मागे जायची सोय लागतेच. ती वेगळी बसवा. मग चेनऐवजी प्रॉपेलर शाफ्ट, त्याचा जोड खरादावर करून घ्या. भाच्याने विचारलं, "म्हणजे होणार नाही?" होतं, बेटा. लोकांनी केलंय, रेसला पळवतात. पण ती गाडी तुझ्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन शनिवारी बाजारात जायची नव्हे.

झेटेक त्यामानाने समजूतदार. नव्वदच्या दशकातल्या एस्कॉर्ट, मोंडिओमध्ये यायचं. भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतं, टिकतं. गिअरबॉक्सला जोडायची त्याची बाजूही जुन्या फोर्ड इंजिनांशी जुळते. अडचण अशी की ते बनलंय आडवं बसायला, पुढची चाकं फिरवायला. सेव्हनमध्ये ते उभं बसवायचं. मग पाणी बाहेर पडायचं थर्मोस्टॅटचं घर जे मागच्या टोकाला असतं, ते थेट पायांपुढच्या पत्र्यावर येतं. त्याला वेगळी नळी करा. ऑइल चेंबर खोल, गाडी जमिनीलगत, पहिल्याच गतिरोधकाला चेंबर फुटेल. म्हणून आखूड चेंबर विकत घ्या. पेट्रोल इंजेक्शनचं, म्हणजे जास्त दाबाचा पंप, परतीची नळी, कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंगचं जंगल. फुकटात मिळालेल्या इंजिनाला नांदवायला इंजिनाच्या अनेक पट पैसा. इंजिन बदलणं म्हणजे इंजिन बदलणं नव्हेच. त्याला चिकटलेल्या तीस वस्तू बदलणं. नवखा माणूस इंजिनाची किंमत विचारतो आणि त्या तीस वस्तूंची यादी करत नाही.

यात सरकारी परीक्षाही आहे. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिकडे तिची एकेकटीची तपासणी होते. पूर्वी वेगळ्या नावाने होती, २००९ पासून तिला आयव्हीए म्हणतात. तपासनीस ब्रेक बघतो, सीट बेल्टचे बोल्ट बघतो, वळवून सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं का ते बघतो. अंगाला लागेल अशी धारदार कडा कुठे दिसली तरी नापास. आणि धुराचा नियम इंजिनाच्या वयावर ठरतो. ऑगस्ट १९७५ पूर्वीचं इंजिन असेल आणि त्याचा पुरावा असेल तर डोळ्यांना धूर दिसता कामा नये, एवढंच. नव्या इंजिनाला मोजमाप लागतं, आणखी नव्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही. भाच्याकडे १९७३ च्या एस्कॉर्टची मूळ कागदपत्रं एका खोक्यात पडलेली होती. त्याला त्यांची किंमतच माहीत नव्हती. मी म्हटलं, आधी ती प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि कपाटात ठेव.

क्रॉसफ्लोची तरफदारी करतोय म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. ते शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं. २००० पासून तिकडे ते पेट्रोल पंपांवरून गेलं, त्यामुळे हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्या लागतील, नाहीतर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बसत जातील. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, त्या सगळ्या बदलायच्या. आपल्याकडे ज्यांच्या घरी जुनी स्कूटर किंवा फियाट आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावं. बाकी कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, दोन पाने आणि एक फिलर गेज, एवढ्यावर ते इंजिन चालतं.

भाचा ऐकत होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग मी त्याला ती गोष्ट सांगितली, जी या सदरात मी आजवर लिहिली नाही.

१९८० च्या दशकात माझं गॅरेज नवं होतं. एका गिऱ्हाइकाची पेट्रोल जीप होती, पेट्रोल परवडेना. मी कुर्ल्याहून मॅटॅडोरचं डिझेल इंजिन आणलं आणि तीत बसवलं. तेव्हा परवानगी घेऊन असा बदल पुस्तकात नोंदवता यायचा, तोही केला. इंजिन झकास चालू झालं. गावात नाव झालं. पण ते जुन्या इंजिनाहून खूप जड होतं. पुढचे पाटे बसले, ते मी वाढवले. ब्रेकला मात्र हात लावला नाही, कारण गिऱ्हाइकाने पैसे दिले होते इंजिनाचे. महिन्याभराने तो घरच्यांना घेऊन कशेडी घाट उतरत होता. ड्रम तापले आणि ब्रेक सुटले. त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घासली, म्हणून सगळे वाचले. त्याच्या आईचा हात मोडला. त्याने मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला आजवर टोचतं. चूक सर्वस्वी माझी होती. मी इंजिन पाहिलं, गाडी पाहिली नाही.

मोठ्या कंपन्याही इंजिन बदलतात, हे खरं. नव्वदच्या दशकात अॅम्बॅसडरमध्ये जपानच्या इसुझूचं इंजिन आलं, सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. पण कारखान्यात त्यामागे इंजिनिअर असतात, चाचण्या असतात. माझ्यामागे होता एक वेल्डर आणि अंगातली मस्ती.

इथे आपल्या वाचकांच्या घरातल्या पोरांसाठी एक गोष्ट थांबून सांगतो, कारण मोबाइलवर व्हिडिओ बघून जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन घालायचे बेत मी बरेच ऐकतो. ब्रिटनचा कायदा आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल मालकाला करता येणार नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या दुसऱ्या इंधनावर मान्यताप्राप्त किट लावून नेण्याची वाट कायद्यातच ठेवली आहे. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवलं तरी नंबर बदलतो, म्हणून आरटीओत नोंद लागते. नोंद नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आधी इंजिनाचा नंबर बघेल. बापाने पोराला आवडीपासून तोडू नये, पण पैसे देण्याआधी आरसी बुक काढून समोर ठेवावं.

शेवटी भाच्याला मी म्हटलं, "तुझ्या आधीच्या मालकाने ही गाडी का सोडली, विचारलंस कधी?" त्याने विचारलं होतं. त्या म्हाताऱ्याने आधी क्रॉसफ्लो ठरवलं, मग दुसरं इंजिन आणलं, ते विकून तिसरं आणलं, ते बसेना म्हणून पुन्हा क्रॉसफ्लोवर आला. तोवर वीस वर्षं गेली आणि त्याचे गुडघे गेले. भाचा हे सांगून गप्प झाला. मी म्हटलं, "झेटेक पुढे कधीही घालता येईल, बेटा. गिअरबॉक्स तोच राहील, इंजिन धरायचे ब्रॅकेट नवे कर. तेव्हा अब्बा हाताशी असतीलच असं नाही. आत्ता आहेत." कंपाचं मी काही बोललो नाही. त्यालाही ते माहीत असणारच.

परवा रात्री पुन्हा फोन आला. व्हॉल्व्ह सीट बसवून हेड परत आलंय, इंजिन चासीत उतरवलंय. अजून रेडिएटर जोडायचाय, वायरिंग अर्धं आहे, तपासणीची तारीख तर खूप लांब. भाच्याने फोन इंजिनाजवळ धरला. दुलाभाई स्टुलावर बसून टॅपेट लावत होते. फिलर गेज पोराच्या हातात, पाना बापाच्या. "घट्ट लागतंय का?" ते विचारत होते आणि पोरगा म्हणत होता, "नाही अब्बा, अजून थोडं." मागून आपाचा आवाज आला, जेवण कधीचं गार झालंय.